जागेची तजवीज

तारनाक्यात बिऱ्हाड असलेल्या मनुष्याने वाचनासाठी अरण्याचा आश्रय करावा, याला वस्तुतः काहीएक कारण नाही. एकीकडे उस्मानिया विद्यापीठ, दुसरीकडे राष्ट्रीय पोषण संस्था, हबसीगुड्याच्या रोखाने थोडे पुढे जावे तर रसायन आणि भूभौतिकी यांची संशोधनमंदिरे, अशा रीतीने ज्याच्या घराला ग्रंथालयांनीच वेढा दिलेला आहे, त्याने पुस्तकांचे गाठोडे बांधून कोठेतरी माळावर राहुटी ठोकण्याची भाषा करणे म्हणजे काखेत कळसा असता गावाला नव्हे, अख्ख्या जिल्ह्याला वळसा घालण्यापैकीच आहे. परंतु सेवानिवृत्तीनंतर घरात पुस्तक उघडून बसलेला पुरुष हा वाचीत नसून रिकामा बसला आहे, असा जो एक सार्वत्रिक समज आहे, त्यापायी गिरणीचे दळण, विजेचे बिल आणि नातवंडांची शाळा ही तिन्ही खाती आपोआप त्याच्याकडे वर्ग होतात. आणि म्हणून आम्हां समवयस्कांच्या वाचनमंडळाने असा ठराव केला की दोन रात्रींचा मुक्काम शहराबाहेर तंबूत करावा, ज्याने त्याने आपापले पुस्तक न्यावे, आणि भोजनसमयाखेरीज कोणी कोणाशी बोलू नये. ठराव एकमताने संमत झाला. संकट ओढवले ते जागेच्या निवडीवरून.

याचे मूळ तारनाक्याच्या वस्तीतच आहे. येथे निवृत्त झालेला प्रत्येक गृहस्थ कोणत्या ना कोणत्या शास्त्राचा अधिकारी असतो, आणि अखेरच्या दिवशी खुर्ची, दप्तर, किल्ल्या हे सारे तो रीतसर परत करतो. अधिकार मात्र घरी घेऊन येतो. हैदराबादभोवती एकावर एक रचून ठेवल्यासारखे जे प्रचंड धोंडे उभे आहेत, त्यांच्या सावलीत तळ द्यावा, ही माझी पहिली सूचना. तीवर भूशास्त्राच्या जाणकार स्नेह्यांनी चष्मा पुसून सांगितले की हा ग्रॅनाइट अडीच अब्ज वर्षांचा आहे, उघड्या कातळात तंबूचा खुंटा बोटभरही शिरणार नाही, आणि दिवसभर तापलेला हा पाषाण अर्धी रात्र उष्णता सोडीत राहतो, तेव्हा त्याला पाठ लावून निजणे म्हणजे तव्याशेजारी अंथरूण टाकणे होय. खुंट्यांची अडचण एका सदस्याने तत्काळ सोडविली. 1931 साली हैदराबादेत भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या ज्ञानकोशाचे 23 खंड त्यांच्या कपाटात वडिलांच्या वेळेपासून आहेत. तंबूचे तणावे खुंट्यांऐवजी त्या खंडांना बांधावेत, म्हणजे वारा कितीही सुटला तरी ज्ञान जागचे हलणार नाही आणि वाचायलाही ते हाताशी राहील! हमाली कोणी करावी याचा खुलासा न झाल्यामुळे ही उत्तम कल्पना दप्तरी दाखल झाली.

कातळ नको तर ओढ्याची वाळू तरी चालेल, ती सपाट असते, मऊ असते, असे मी म्हणताच त्याच स्नेह्यांनी 28 सप्टेंबर 1908 रोजीचा मुसीचा महापूर आमच्यापुढे उभा केला. त्या पुराने शहरातली हजारो माणसे नेली आणि त्यानंतरच विश्वेश्वरय्यांना पाचारण होऊन पुढे उस्मानसागर आणि हिमायतसागर हे तलाव झाले. ओढ्यात आज पाणी नाही म्हणून आपण निर्धास्त झोपावे, असा हुकूम वर कोसांवर पडणाऱ्या पावसाने आजवर काढलेला नाही, हे त्यांचे म्हणणे बिनतोड होते. मग झाडाखाली? तर झाड बहुधा चिंचेचे निघणार, आणि चिंचेखाली निजू नये हे लहानपणी ऐकलेले वचन, नास्तिकपणाबद्दल प्रसिद्ध असलेल्या सदस्याच्याच तोंडून निघाले. "नक्को, चिंच नक्को," असे ते ज्या दख्खनी निर्वाणीने म्हणाले, त्यावर अपीलच नव्हते. तरी कोणी तरी स्मरण दिले की त्याच पुरात अफझलगंजच्या इस्पितळाच्या बागेतील चिंचेने सुमारे दीडशे माणसांना आपल्या फांद्यांवर तारले, आणि तीवर भूत असलेच तर ते परोपकारी घराण्यातले असले पाहिजे.

रेल्वेतून निवृत्त झालेल्या सदस्यांची कसोटी निराळी. वाडी ते सिकंदराबाद हा लोहमार्ग 1874 पासून चालू असता माणसाने मोटारीने अरण्यात शिरणे हा त्यांना त्या मार्गाचा उपमर्द वाटतो. त्यांचा कौल विकाराबादजवळच्या अनंतगिरीला. कारण विकाराबाद हे जंक्शन आहे आणि तेथून एक फाटा बीदरावरून परळीला जातो, तेव्हा मुक्काम फसलाच तर वैजनाथाचे दर्शन तरी पदरात पडेल. अनंतगिरीला गुण पुष्कळ. मुसीचा उगम तेथलाच, अनंतपद्मनाभाचे देऊळ आहे, आणि हवा अशी शुद्ध की तेथे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम काढण्यात आले. आमच्या तरुणपणीच्या कादंबऱ्यांतील निम्मे नायक क्षयी असून सदैव काव्य वाचीत असत, हे लक्षात घेता त्या हवेचा आणि वाचनाचा अनुबंध सिद्धच म्हणावा. परंतु रविवारी त्या डोंगरावर सारे हैदराबाद आपापले गाणे वाजवीत येते, आणि उरलेले दिवस वानरांच्या वहिवाटीचे असतात.

पाखालचे नाव निघाले तेव्हा मात्र मला गांभीर्याने विरोध करावा लागला. काकतीय गणपतिदेवाच्या अमदानीत, 1213 च्या सुमारास बांधलेला तो वरंगळकडचा तलाव, भोवती दाट वनराई, पलीकडे टेकड्या. एवढे सारे समोर मांडल्यावर पुस्तकाच्या पानाकडे पाहण्याइतका कठोर मनुष्य आमच्यात कोण आहे? रम्य स्थळी पुस्तक नेणारा मनुष्य ते मांडीवर उघडे ठेवून तलावाकडे पाहतो, आणि परतल्यावर वाचन फार झाले असे सांगतो. अजिंठ्याच्या भिक्षूंना हे पक्के ठाऊक असावे. पूर्वी निजामाच्याच मुलखात असलेली आणि त्याच्या पुराणवस्तुखात्याने यझदानींच्या देखरेखीखाली निगुतीने जपलेली ती लेणी पाहा. वर्षावासासाठी जागा निवडताना त्यांनी वाघोरेचे असे वळण निवडले की पाहणाऱ्याचे भान हरपावे. पण विहारातल्या कोठड्या मात्र कोरल्या त्या अंधाऱ्या, बिनखिडकीच्या. दृश्य बाहेर ठेवले आणि पाठांतर आत. आम्हांला कोठडी कोरण्याइतका अवकाश नसल्यामुळे, जेथे मुळात दृश्यच नाही अशी जागा शोधणे हा एकच मार्ग उरतो, असे मी प्रतिपादन केले.

अशी जागा तेलंगणात दुर्मिळ नाही. विकाराबादच्या अलीकडे एका सदस्याच्या व्याह्यांचे शेत आहे. बांधावर एक कडुनिंब, पलीकडे म्हशींनी भरलेले साधे चेरुवू, गावात दूध मिळते (हे पोषणशास्त्रवाल्यांच्या समाधानासाठी), आणि स्टेशनही फार दूर नाही. "तेथे पाहण्यासारखे काय आहे?" या प्रश्नाला व्याह्यांनी दूरध्वनीवरून "काही नाही" असे खेदाने उत्तर दिले, तेव्हा सभेत टाळ्या झाल्या हे त्यांना अद्याप उमगलेले नाही.

तथापि कोणतीही जागा प्रत्यक्ष पाहिल्यावाचून मुक्रर करणे हे आमच्या सर्वांच्या खात्यांच्या रिवाजाविरुद्ध असल्यामुळे, प्रथम एका रात्रीच्या मुक्कामाने स्थळपाहणी करावी असे ठरले. त्या खेपेस पुस्तके न्यावीत किंवा कसे, हा मुद्दा निघाला. परंतु तपासणीस निघालेल्या अंमलदाराच्या हातात पुस्तक शोभत नाही आणि त्यायोगे पाहणीवरचे लक्ष उडते, असा शेरा मारून तो निकालात काढण्यात आला. सोबत पत्त्यांचे दोन जोड घ्यावेत, ही सूचना कोणाची, याची नोंद इतिवृत्तात सापडत नाही.