चतुर्थीची बस

माझी भाची बोरिवलीची. जीआरई द्यायची म्हणून अंधेरीच्या एका क्लासला जाते. तिथल्या सरांचं म्हणणं, इंग्रजी शब्द पाठ करत बसू नका, त्यांची ग्रीक-लॅटिन मुळं पाठ करा. एक मूळ आलं की दहा शब्द फुकट. आमच्या पिढीला ‘मूळ’ म्हटलं की पुढे व्याधच सुचते, पण ‘फुकट’ ऐकून मीही सावरून बसलो. क्लासची फी अर्थातच या सदरात येत नाही.

सोबतीला नॉर्मन लुईसचं ‘वर्ड पॉवर मेड ईझी’. १९४९ साली अमेरिकेत निघालेलं हे पुस्तक आपल्याकडे स्टेशनबाहेरच्या फुटपाथवर आजही खपतं. कोणाचीही प्रत उघडून बघा. पहिली पानं बोटं लागून काळवंडलेली, पुढची कोरी करकरीत. कारण सुरुवातीलाच माणसांचे स्वभाव आहेत, मग डॉक्टर. शेजाऱ्याच्या खोडीला भारदस्त इंग्रजी नाव आणि स्वतःच्या दुखण्याला योग्य स्पेशालिस्ट मिळाला की मराठी माणसाचं शिक्षण पुरं होतं.

रविवारी ती मुलुंडला आमच्याकडे आली आणि माझीच परीक्षा घ्यायला लागली.

“मामा, लॅटिनमध्ये ‘एगो’ म्हणजे?”

“अहम्.”

“‘पाटेर’?”

“पितर. आणि ‘डेन्स’ म्हणजे दात, दंत. पुढचं विचार.”

तिला वाटलं, मामाने चोरून क्लास लावला. मी दहावीला संस्कृत घेतलं होतं, तेही भाषेच्या प्रेमापोटी नव्हे, मार्कांसाठी. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच घरातल्या असाव्यात, हे विल्यम जोन्स १७८६ मध्येच कलकत्त्यात सांगून गेला. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर म्हणजे सप्त, अष्ट, नव, दश. जुनं रोमन वर्ष मार्चला सुरू व्हायचं. पुढे ते जानेवारीला सुरू होऊ लागलं, तरी सातव्याची पाटी नवव्यावर तशीच राहिली. सरकारी कारभार सगळीकडे सारखाच.

पण खरी मजा बसमध्ये आहे. लॅटिनमध्ये ‘ओम्निबुस’ म्हणजे सर्वांसाठी. त्यातलं ‘ओम्नि’ म्हणजे सर्व, आणि ‘बुस’ हा चतुर्थीच्या अनेकवचनाचा नुसता प्रत्यय. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये सर्वांना नेणाऱ्या घोडागाडीला हे नाव मिळालं. इंग्रजांनी ते उचललं आणि घाईघाईत ‘सर्व’ गाळून शेपूट तेवढं ठेवलं. आपल्या ‘रामेभ्यः’मधला ‘भ्यः’ या शेपटाचा सख्खा नातेवाईक. म्हणजे अंधेरी स्टेशनबाहेर आपण ज्या लाल गाडीसाठी ताटकळतो, ती बेस्टची ‘भ्यः’. मराठीत मात्र ‘बस’ ही आज्ञा आहे, आणि संध्याकाळी सहानंतर ती त्या गाडीत कोणालाही पाळता येत नाही.

मेट्रोचंही तेच. ग्रीक ‘मेतेर’ म्हणजे आई, ‘पोलिस’ म्हणजे नगर. (आपले पोलीसही तिथलेच.) मातृनगरीतली आगगाडी ती मेट्रो. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मार्ग २०१४ साली सुरू झाला, लांबी ११.४ किलोमीटर. घाटकोपरच्या जिन्यावर संध्याकाळी पायावर पाय पडला की माणसं एकमुखाने “आई गं!” म्हणतात. ग्रीक कोणी शिकलेलं नसतं. राहता राहिली ऑटोरिक्षा. ‘ऑटो’ म्हणजे स्वतः. ती बांद्रा-सायनपलीकडे शहरात जात नाही, आणि उपनगरात कुठे जायचं ते स्वतःच ठरवते.

एवढं सगळं जुळलं की डोक्यात हवा जाते. मग भेटतं ‘पेड’. लॅटिनमध्ये ते पाय, आणि ग्रीकमधून आलेलं, अगदी तसंच दिसणारं, म्हणजे मूल. पेडल पायाचं, पीडिअॅट्रिशियन मुलांचा. मग ऑर्थोपेडिक? भाचीने छातीठोकपणे “पाय” सांगितलं. पण निकोलस आंद्री या फ्रेंच डॉक्टरने १७४१ साली हा शब्द घडवला तो मुलांची शरीरं सरळ वाढवण्याच्या विद्येसाठी. आता मुलुंडमधल्या कुठल्याही ऑर्थोपेडिकच्या बाकावर नजर टाका. सगळी बाळं सत्तरीची, गुडघ्याला पट्टा, मांडीवर एक्स-रेचं पाकीट, आणि नंबरावरून भांडण मात्र बालवाडीतलं.

‘मसल’चं मूळ लॅटिनमध्ये छोटा उंदीर. दंड फुगवला की कातडीखाली काहीतरी हलतं, रोमन माणसाला तो उंदीर वाटला. आपल्याला तिथे बेडकुळी दिसली. घाटकोपरच्या जिममध्ये आरशासमोर उभ्या असलेल्या पोराला यातलं काहीच सांगू नये.

मुळावरून शब्दाचा अर्थ लावणं म्हणजे आडनावावरून माणूस ओळखणं. गोडबोले गोड बोलले तर नशीब. ओळखीचा शब्द मुळामुळे डोक्यात पक्का बसतो, हे खरं. अनोळखी शब्दाची हमी मूळ घेत नाही. सरांनी हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं, पण मग दुसऱ्या दिवशी वर्ग भरला नसता.

तेव्हा अंधेरी-बोरिवलीच्या पालकांनो, मुलांना क्लासला जरूर घाला. फक्त त्याआधी माळ्यावरची संस्कृतची शब्दरूपावली खाली काढा. रद्दीवाला तिला किलोच्या भावाने नेतो, आणि त्यातलीच निम्मी मुळं क्लासवाला हप्त्याने विकतो.