गाडी लागलेला माणूस

घाटात काही लोकांना गाडी लागते. आमच्या शेजारच्या अण्णांना ती 1984 साली लागली आणि अजून उतरलेली नाही. त्या साली त्यांच्या वडिलांनी कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली पांढरी प्रीमियर पद्मिनी घेतली. 1089 सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, डॅशबोर्डखाली ओढायचा चोक. पुढे वडील गेले, वाडा पाडून सोसायटी झाली, अण्णा शाळेतून निवृत्त झाले. पद्मिनी मात्र जिथल्या तिथे आहे, जिन्याखाली, जुन्या चादरीत.

अण्णांनी चौतीस वर्षं विज्ञान शिकवलं. त्यामुळे ‘बिघाड’ हा शब्द त्यांच्या तोंडी नाही. ते ‘लक्षण’ म्हणतात. कोणाचा मिक्सर अडो, सोसायटीचा पंप पाणी चढवेनासा होवो, अण्णांचा पहिला प्रश्न ठरलेला: “गरम असताना की गार असताना?” आमची मुलगी दाढ दुखते म्हणून रडत होती, तेव्हाही त्यांनी तेच विचारलं. आम्ही तोंड लपवून हसलो. संध्याकाळी दातांच्या डॉक्टरांनीही पहिला प्रश्न तोच केला. त्या दिवसापासून अण्णांचा भाव वधारला.

गेल्या उन्हाळ्यात पद्मिनीलाच लक्षणं दिसू लागली. सकाळी चोक ओढला की पहिल्या झटक्यात सुरू. रस्त्यावर सुरळीत. पण खंबाटकी चढून चहाला थांबलो, पंधरा मिनिटांनी किल्ली फिरवली, तर नुसतंच खर्र खर्र. तासाभरानं, काही घडलंच नाही अशा थाटात, सुरू.

“मेकॅनिकला दाखवा ना,” मी म्हटलं.

“तो पार्ट बदलेल. कारण कोण शोधणार?”

मग वही निघाली. दोनशे पानी, तांबडा समास आखलेली: उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. साहित्यात ‘काकूंचा ओला नॅपकिन (1)’ अशी नोंद मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे.

ऐकणारा सापडला की अण्णा बॉनेटवर बोटानं आकृती काढत सांगतात: “पेट्रोल म्हणजे एक पदार्थ नव्हे, मिश्रण. त्यातले हलके घटक चाळीस अंशांच्या आसपासच उकळायला लागतात. गाडी पळते तेव्हा पंखा फिरतो, पाणी फिरतं, टाकीतून गार पेट्रोल येत राहतं. किल्ली बंद केली की पंखा बंद, पाणी बंद. पण इंजिन तापलेलंच. ती उष्णता चढते कार्बोरेटरकडे. दूध उतू कधी जातं?”

“आपली पाठ वळली की,” आतून काकूंचा आवाज.

“तेच. गाडी बंद केल्यावर!”

सोसायटीत प्रत्येकाकडे एकेक संशयित होता. पहिल्या मजल्याचं मत, हल्लीच्या पेट्रोलात 20 टक्के इथेनॉल असतं, दुसरं काही नाही. कोपऱ्यावरच्या जुन्या टॅक्सीवाल्याचं म्हणणं, फ्युएल पंपावर ओलं फडकं टाका. पंप तापला की नळीत वाफ धरते आणि पंप वाफ ओढत बसतो. अण्णांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं, पण त्यांचा नियम एकच: “एका वेळी एकच बदल. दोन केले आणि गाडी सुरू झाली, तर श्रेय कोणाला देणार?”

या नियमापायी आम्ही चार रविवार घाटात काढले. पहिल्या रविवारी पंपाच्या पुढच्या नळीला टी लावून दाबाचं घड्याळ बसवलं. टायरची हवा अठ्ठावीस पौंड असते. पेट्रोलला दाब लागतो जेमतेम तीन पौंडांचा. कमी पडला तर कार्बोरेटर उपाशी, जास्त झाला तर सुई पेट्रोल अडवू शकत नाही आणि पूर येतो. मी मांडीवर वही घेऊन आकडे लिहीत होतो. गार असताना तीन, गरम असताना पावणेतीन. “पंप निर्दोष,” अण्णांनी निकाल दिला. दुसऱ्या रविवारी तरीही पंपावर ओला नॅपकिन घातला. फरक शून्य. तिसऱ्या रविवारी प्लग काढून ठिणगी पाहिली: गरम कॉइलवरही निळी, टणटणीत. मुलगी गाडीत बसून भेळ खात होती. तिनं विचारलं, “अण्णाआजोबा, आपण वाईला कधी पोचणार?” त्यावर “पोचणं हा उद्देश नाही,” असं उत्तर आलं.

चौथ्या रविवारी त्यांनी एअर फिल्टर उतरवला आणि मला बोलावलं. “बघा आत.” गाडी बंद होऊन दहा मिनिटं झाली होती, तरी कार्बोरेटरच्या नरड्यात थेंब थेंब पेट्रोल गळत होतं. म्हणजे उपाशी नव्हे. गाडी आकंठ जेवली होती. अण्णांनी अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत एकदाच दाबून धरला आणि किल्ली मारली. हवा भरपूर गेली, जादा पेट्रोल निघून गेलं, काळा धूर सोडून पद्मिनी सुरू. मी मदतीच्या भरात पूर्वी पाय खालीवर करायचो, तेव्हा ते का ओरडत होते ते आत्ता कळलं: “पंपिंग नको! दर दाबाला आणखी पेट्रोल ओतताय तुम्ही!”

आता प्रश्न एकच उरला: एवढी उष्णता कार्बोरेटरला पोचतेच कशी? पाचव्या रविवारी घरीच सगळं उघडलं आणि अण्णा गप्प झाले. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामध्ये बेकेलाइटचा जाड ठोकळा असतो. गरम पातेल्याखाली चुंबळ ठेवतात तसा. तिथे नुसतं पातळ पॅकिंग होतं. दिवाळीत व्हरांड्यात वर्तमानपत्र पसरून कार्बोरेटर साफ करणारे हात दुसऱ्या कोणाचे नव्हते.

“काळा, जाड, दोन बाजूंना भोकं असा ठोकळा पाहिलात का कुठे?”

काकूंनी देवघराकडे बोट दाखवलं. ठोकळ्याच्या एका भोकात उदबत्ती जळत होती. “लक्ष्मीपूजनाच्या आवराआवरीत मिळाला. उदबत्तीला छान आहे. तुमची गाडी सुरू होऊ दे म्हणून रोज तिथेच लावतेय.”

अण्णांनी वही उघडून अनुमानाखाली एकच शब्द लिहिला: ‘मानवी.’ कोणता मानव, ते लिहिलं नाही. उदबत्ती केळ्यात खोचली गेली आणि ठोकळा आपल्या जागी गेला.

पुढच्या रविवारी पुन्हा खंबाटकी, पुन्हा तीच टपरी. चहा झाला. बरोबर पंधरा मिनिटांनी अण्णांनी किल्ली फिरवली. अर्ध्या फेऱ्यात इंजिन सुरू. मुलीनं टाळ्या वाजवल्या, काकूंनी हात जोडले, मी दार लावून घेतलं.

अण्णांनी किल्ली बंद केली.

“आता काय झालं?”

“एका निरीक्षणावर अनुमान काढत नाहीत. किमान तीन हवीत.” आणि टपरीकडे वळून, “चार कटिंग. वीस मिनिटांनी आणखी चार लागतील.”