शिट्टीतला मणी

पंधरापैकी चौदा! नऊ आली तरी पास करतात. मी चौदा आणली, तीही घरबसल्या, कॅमेऱ्यापुरता शर्ट आणि खाली पायजमा घालून. त्रेपन्नाव्या वर्षी मिळालेलं चारचाकीचं लर्निंग लायसन्स मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं आणि त्याच भरात जाहीर केलं, की प्रत्येक शिकाऊ चालकाला आधी आठ दिवस चौकात वाहतूक सांभाळायला लावा. कायद्यात अशी अट नाही. तीस दिवस थांबलं की पक्क्याची टेस्ट देता येते.

"आधी तू राहा उभा," बायको म्हणाली. गणपतीचे दिवस, पुण्यातल्या कोपऱ्याकोपऱ्यावर गर्दी. मंडळाला माणसं हवीच होती. त्यांनी मला शिट्टी दिली.

आता शिट्टीबद्दल. शाळेत मी आर.एस.पी.त, म्हणजे रस्ता सुरक्षा पथकात होतो, म्हणून अधिकाराने सांगतो: जिच्यात मणी खडखडतो तीच शिट्टी, बिनमण्याचा नुसता कुकर. माझी पितळी होती. रात्री उशाखाली असायची. एकदा आईने ती देवाच्या भांड्यांबरोबर चिंचेने घासली. पुढे वर्षभर मी हुकूम सोडला की तोंड आंबट व्हायचं. मंडळाची प्लॅस्टिकची होती. मणी होता, पण चार फुंकरांत थुंकीने चिकटून बसला.

तसाही फरक पडला नसता. मी हात आडवा केला, तर एका पोराने उलट टाटा केला. रिक्षावाला म्हणाला, "काका, कडेला व्हा, लागेल." शेवटी हवालदारांनाच दया आली. "साहेब, शिट्टी राहू द्या. गाडीवाल्याच्या डोळ्यांत बघा."

तेवढ्यात पट्ट्यांपाशी एक आजी दिसल्या, हातात दुर्वांची पिशवी. तीन सिग्नल झाले, त्या तिथेच. एक पाऊल पुढे, दोन मागे. लाल दिव्यालाही गाड्या पट्ट्यांवर चढून उभ्या, फुटपाथवर बाइका. म्हाताऱ्या माणसाने चालायचं कुठून? मला खरोखरच संताप आला. पट्ट्यांशी पादचारी थांबलेला दिसला तर काय कराल, हा प्रश्न मला परीक्षेत होता. 'थांबून त्याला जाऊ देईन' यावर मी क्षणात टिचकी मारली होती.

मी गाड्यांत शिरलो, एकेकाच्या डोळ्यांत बघितलं आणि आजींना हात धरून पलीकडे नेलं. छाती फुगलेली. त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं.

"तुम्हीच ना ते, बॅटरीच्या स्कूटरवाले? रोज सकाळी इथे पट्ट्यांवरच थांबता. निळी स्कूटर."

पंचवीसच्या वर न पळणाऱ्या त्या स्कूटरला लायसन्स लागत नाही. रंग निळाच आहे.