खुसपटाचा पगार

भाचा पुण्याहून आला तेव्हा त्याच्या हातात पेढ्यांचा पुडा नव्हता, दोनशे पानी वही होती. "काय करायलास सध्या?" मी विचारलं. "टेस्टिंगची तयारी करायलोय, मामा." मला वाटलं, रक्तलघवीची लॅब टाकतोय. म्हटलं, टाक, माझ्या दुकानावरची खोली रिकामीच आहे. तेव्हा त्यानं खुलासा केला, की तपासायचे ते गेम. व्हिडिओ गेम बाजारात जाण्याआधी त्यात कुठं काय चुकलंय ते हुडकायचं, लिहून द्यायचं आणि महिन्याच्या महिन्याला पगार घ्यायचा.

"म्हणजे खुसपटं काढायचा पगार?" हॉटेलच्या बाकावरून गुरुजींनी बशी तशीच तोंडाशी धरून विचारलं. गुरुजींना निवृत्त होऊन बारा वर्षं झाली आणि या बारा वर्षांत त्या बाकावरून एकही गोष्ट बिनचूक ठरलेली नाही. "मग आमची मागची थकबाकी कोण देणार?"

देवगाव फाटा म्हणजे जिंतूर-मंठा रस्त्याला सेलूचा रस्ता येऊन मिळतो ती जागा. इथं कुणी इथं म्हणून येत नाही. सेलूला जायचं असतं, जालन्याला जायचं असतं, एखादा पाहुणा चारठाण्याची जुनी देवळं बघायला निघालेला असतो. सगळे गाडीची वाट बघत थांबतात आणि थांबलेल्या माणसाला समोर दिसेल त्यात खोट काढण्यावाचून दुसरा धंदा नसतो. माझं दुकान त्याच बाकासमोर. झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो, ऑनलाइन फॉर्म. पाटीवर मात्र पेंटरनं 'झरॉक्स' लिहून ठेवलंय.

भाच्यानं आल्याआल्या ती पाटी पाहिली आणि वहीत नोंद केली. सिव्हेरिटी कमी, प्रायॉरिटी जास्त. मी म्हटलं, हे काय? तर म्हणे, चूक किती घातक हे वेगळं आणि ती किती तातडीनं दुरुस्त करायची हे वेगळं. गेमच्या पहिल्याच पडद्यावर कंपनीचं नाव चुकलं, तर गेम काही बंद पडत नाही, पण अब्रू जाते. ते आधी दुरुस्त करायचं. उलट, ज्या कोपऱ्यात हजारात एक माणूस जाईल तिथं गेम धाडकन बंद पडत असेल, तर चूक घातक खरी, पण थोडी थांबू शकते. पाटीला अकरा वर्षं झाली, मी म्हणालो. त्यानं वहीत 'जुना बग', म्हणजे जुनी चूक, असं वाढवलं.

हे काम पुण्यात चालतं हे मला ठाऊकच नव्हतं. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा स्टुडिओ तिथं 2008 पासून आहे आणि परदेशात बनलेल्या मोठमोठ्या गेमच्या तपासणीचं काम तिथं झालेलं आहे. पुण्यातल्याच नॉडिंग हेड्स गेम्स नावाच्या मंडळींनी 'राजी' हा आपल्या पुराणकथांतला गेम 2020 मध्ये बाहेर काढला. बहिणीला मात्र यातलं एकच कळलं होतं, की पोरगं दिवसभर गेम खेळणार. "खेळायचं नसतं, आई," तो कळवळून सांगायचा. "एका भिंतीला खेटून आठ तास चालायचं. कुठं आरपार जाता येतं का, बघायचं. मग दुसरी भिंत. सेव्ह होत असताना मुद्दाम वीज घालवायची. रात्रभर गेम नुसता चालू ठेवायचा आणि सकाळी कुठं आखडला ते बघायचं." बहीण म्हणाली, "बाई गं, हे तर राखणीला बसल्यावाणी झालं."

मुलाखतीत म्हणे हमखास विचारतात, लिफ्ट कशी तपासाल? फाट्यावर लिफ्ट कुठून आणणार? शेवटी काळी-पिवळी जीप घ्यायची ठरली. गाडी नऊ माणसांची धरू. भाचा म्हणाला, पाच माणसं बसवून बघण्यात अर्थ नाही. आठ, नऊ आणि दहा बसवून बघायची, कारण चूक नेहमी कडेला असते. गुरुजींना हे एकदम पटलं. "बरोबर आहे. भांडण कधी वावराच्या मधी होत नाही, धुऱ्यावरच होतं." टेस्टिंगच्या सर्टिफिकेट परीक्षेच्या पुस्तकात या पद्धतीला मोठं इंग्रजी नाव आहे. भाच्यानं ते खोडून वहीत 'धुरा' असं लिहिलं.

जीपवाला एवढा वेळ दाराला टेकून ऐकत होता. तो म्हणाला, "दहानं काय होतंय? अजून चार बसतेत." चाचणी तिथंच कोसळली. तरी भाच्यानं नेटानं विचारलं, शून्य प्रवासी असले तर? "गाडी हलत नाही." आणि उणे एक? सगळे हसले. जीपवाला हसला नाही. "झालंय की. मंठ्याच्या अलीकडं एकजण लघवीला उतरला. मी निघून आलो. पिशवी गाडीत, माणूस नाही. हा उणे एकच झाला ना?" भाच्यानं नोंद केली.

धुऱ्यावरून मग पॅक-मॅन निघाला. 1980 चा गेम. एकेक लेव्हल पार करत 256 व्या लेव्हलला पोचलं, की अर्धा पडदा केरकचऱ्यानं भरतो, पुढं रस्ता नाही. लेव्हल मोजायला ठेवलेल्या खणात 0 ते 255 एवढंच मावतं आणि 256 म्हटलं की आकडा पुन्हा शून्यावर येतो. जीपवाल्याच्या मते असली गाडी रस्त्यावर आणूच नये.

तेवढ्यावर थांबला असता तर बरं झालं असतं. पण भाच्याला चेव आला आणि त्यानं गांधीजींची गोष्ट काढली. 'सिव्हिलायझेशन' नावाचा 1991 चा गेम. त्यात एकेका देशाचा पुढारी असतो, भारताचे गांधीजी. प्रत्येकाला भांडकुदळपणाचा आकडा, गांधीजींचा सगळ्यांत कमी, एक. देशात लोकशाही आली की त्यातून दोन वजा व्हायचे. एकातून दोन गेले आणि त्या खणाला उणे ठाऊक नाही, म्हणून आकडा उलटा फिरून 255 झाला. आणि गांधीजी अणुबॉम्ब टाकत सुटले.

बाक शांत. गुरुजी दर 2 ऑक्टोबरला स्वतःच्या पैशानं खडीसाखर वाटतात. त्यांनी बशी खाली ठेवली. भाच्यानं घाईघाईनं शेपूट जोडलं, "पण गुरुजी, तो गेम करणाऱ्या सिड मायरनं 2020 मध्ये आत्मचरित्रात लिहिलंय, की असा बग कधी नव्हताच. नुसती दंतकथा."

"नव्हता?"

"नव्हता."

"मग तू परीक्षेला बसणारा माणूस. न तपासता रिपोर्ट कसा काय टाकलास?"

दुसऱ्या दिवशी पोरगं माझ्या मशीनवर घसरलं, ते या अपमानापोटी, असा माझा अंदाज आहे.

माझं झेरॉक्स मशीन गर्दीत बंद पडतं. एरवी बिचारं गुमान चालतं. पण उन्हाळ्यात कुठल्या तरी फॉर्मची शेवटची तारीख आली, दुकानात पंधरा माणसं उभी राहिली, की कागद अर्धा आत, अर्धा बाहेर, आणि सगळे दिवे गुल. मग ते आपोआप पुन्हा सुरू होतं, घरघरतं आणि तापायला वेळ घेतं. सेलूहून मेकॅनिक तीनदा आणला. तिन्ही वेळा त्याच्यासमोर मशीन नव्या नवरीसारखं वागलं. शेवटी मी लिंबू-मिरची बांधली. गुरुजींचं मत, मशीनला गर्दीची नजर लागते.

"मामा, गर्दीत बंद पडतं हा बग नाही. ही तक्रार झाली," भाचा म्हणाला. "बग म्हणजे मी सांगितलेल्या पायऱ्या करून दुसऱ्या माणसाला तेच दिसलं पाहिजे. रिप्रो स्टेप्स सांगा." मला कुठल्या ठाऊक? मग त्यानं पहिल्या दिवशी गर्दीच बनवली. बाकावरची अकरा माणसं दुकानात कोंबली, त्यांना ढकलाढकली करायला लावली, "अंगठा कुठं द्यायचा" असं ओरडायला लावलं. गुरुजींच्या पेन्शन बुकाच्या चाळीस प्रती निघाल्या. मशीन हूं की चूं करेना. दुसऱ्या दिवशी एका वेळी एकच गोष्ट बदलायची असं ठरलं. आधी पातळ कागद, मग जाड. पंखा चालू, पंखा बंद. मशीनचं झाकण उघडं. लिंबू-मिरची काढून. पुन्हा लावून. काही नाही.

तिसऱ्या दिवशी, वहीत वेळ आहे, 2 वाजून 40 मिनिटं. ऊन असं, की रस्त्यावर कुत्रं नाही. दुकानात दोनच गिऱ्हाइकं, म्हणजे गर्दीही नाही. एका शेतकऱ्याच्या सातबाऱ्याची प्रत अर्धी बाहेर आली आणि मशीन गेलं. मी तोंड उघडणार तोच भाच्यानं हात वर केला. "गप्प!" आम्ही गप्प. शेजारच्या अण्णांच्या रसवंतीतून घुंगरू वाजत होते, तेवढाच आवाज.

तो तसाच बाहेर गेला. "अण्णा, थांबवा. हां, आता पुन्हा चालू करा." छुम्. माझं मशीन बंद. "थांबवा." मशीन सुरू झालं, तापलं, मी कागद लावला. "चालू." छुम्. बंद. अशा दहा चाचण्या, दहापैकी दहा. प्रत्येक चाचणीला एक ग्लास रस निघत होता आणि अण्णा तो वाया घालवायला तयार नव्हते, त्यामुळं शास्त्राची प्रगती आम्हाला पिऊन दाखवावी लागली. गुरुजींना साखरेचा त्रास असूनही त्यांनी निष्पक्षपणे चार ग्लास तपासले.

मग वायरीचा माग. चरकाच्या मोटरपासून पत्र्याखालून निघालेली एक काळी वायर भिंतीतल्या भोकातून थेट माझ्या बोर्डात शिरत होती. ती दोन वर्षांपूर्वी मीच ओढून दिलेली. रोजच्या दोन ग्लास रसाच्या बोलीवर. मोटर चालू होताना एकदम एवढी वीज ओढायची, की दाब खाली बसायचा आणि माझं मशीन मान टाकायचं. स्टॅबिलायझर होता की माझ्याकडं. त्याच्यावर पाण्याचा माठ ठेवला होता.

आणि गर्दीचं गूढ? ते भाच्यानं वहीत बाण काढून दाखवलं. शेवटची तारीख, म्हणून गर्दी. गर्दी उन्हात उभी, म्हणून तिला तहान. तहान लागली, म्हणून रस. रस, म्हणून मोटर. मोटर, म्हणून मशीन बंद. मशीन बंद, म्हणून गर्दी जागची हलत नाही आणि उन्हात आणखी तापते. शेवटचा बाण पहिल्याला जाऊन भिडला. लिंबू-मिरचीचं त्यात कुठं नाव नव्हतं. मेकॅनिक नेहमी सकाळी यायचा आणि अण्णा चरक दुपारी लावायचे.

भाच्यानं सुवाच्य अक्षरात रिपोर्ट लिहिला. पायऱ्या, काय व्हायला हवं, काय झालं, किती वेळा झालं. मी माठ उतरवायला उठलो, तर अण्णा वाचून म्हणाले, "मालक, यात चुकलंय काय? तुमचं मशीन थांबलं की गिऱ्हाईक माझ्या बाकड्यावर टेकतंय. दोन पैसे मला, दोन ग्लास तुम्हाला. बरं चाललंय की!" मी हिशेब केला. दोन ग्लास रोज, उन्हाळाभर. माठ जागच्या जागी राहू दिला. भाचा म्हणाला, हेही पुस्तकात आहे: आपण बग कळवतो, आणि मालक लिहितो, 'हे असंच असायचं आहे.' त्यानं बग बंद केला आणि खाली आम्हा दोघांच्या सह्या घेतल्या.

मुलाखतीला ही वही तो सोबत घेऊन गेला होता. लिफ्टचं विचारलंच नाही म्हणे, पाण्याची बाटली विचारली. आता तो पुण्यात लागलाय, सहा महिन्यांच्या करारावर. कुठला गेम तपासतो ते सांगत नाही. सही करून दिलीय, बाहेर बोलायचं नाही. बहीण फाट्यावर अशा आवाजात सांगते, की लोकांना वाटतं, पोरगं सैन्यात गुप्त कामावर आहे.

परवा दुपारी त्याचा फोन आला. दुकान भरलेलं, शेवटची तारीख. मी मोबाइल खांद्याला दाबून एकीकडं कुणाच्या तरी बँक पासबुकाची प्रत काढत होतो. तो सांगत होता, सोमवारपासून एकाच किल्ल्याची तटबंदी चाचपतोय, आज बुरुजापाशी एक फट सापडली, तीतून गडी थेट आभाळात पडतो. मी विचारणार होतो, आभाळात पडतो म्हणजे कसा. तेवढ्यात शेजारून छुम् झालं.

"मामा," तो फोनवरून म्हणाला, "कागद काढा आधी."