भरली चढते, रिकामी उतरत नाही

भौतिकशास्त्रात सह्याद्रीने घातलेली मोलाची भर अजून पाठ्यपुस्तकांत आलेली नाही. लिटरभर पाण्याची बाटली, वजन किलोभर, गुंजवण्यातून राजगडाच्या चोरदरवाज्यापर्यंत हसतखेळत चढते. तीच रिकामी झाली की इतकी जड होते, की तरणाबांड गडी ती पद्मावती माचीवरून एक पायरीही खाली नेऊ शकत नाही.

मग तिची सोय लावावी लागते. सरळ भिरकावणारे अडाणी. सुसंस्कृत ट्रेकर ती आधी चेपतो, टोपण घट्ट लावतो, वेफर्सच्या पाकिटाच्या चार घड्या घालतो आणि दोन्ही तटाच्या फटीत अशी बेमालूम बसवतो, की वरून चुना लावायचं तेवढं बाकी राहतं. बुरुजांची डागडुजी लोकसहभागातून चालली आहे, ती अशी. सुवेळा माचीच्या नेढ्यात बसलेल्यांना तर एवढेही कष्ट नाहीत. तिथे पाकीट बोटांतून सैल सोडलं की पुढचं वारा बघतो. आपण टाकलं नाही, ते उडालं.

छातीवर राजमुद्रा छापलेल्या एका वीराला हटकून पाहा. उत्तर ठरलेलं : ‘‘काका, गडासाठी आम्ही रक्त सांडू!’’ अरे बाबा, रक्त कुणी मागितलंय? वीस-पंचवीस ग्रॅमची बाटली मागितली होती.

रामचंद्रपंत अमात्य आपल्याला पुरते ओळखून असावेत. गडाच्या वाटांवर, बाजारात, तटावर केर पडू देऊ नये. झाडलेला केर गडाखालीही लोटू नये. जागच्या जागी जाळावा आणि राख परसात घालून भाज्या पिकवाव्यात, असं ‘आज्ञापत्रा’त बजावलेलं आहे. याला ३०० वर्षं झाली. पंतांच्या काळचा केर जळून भाजीला लागत होता. आपला जाळला तर भाजी राहू द्या, श्वास घेणं मुश्कील.

अर्थात आपणही स्वस्थ बसलेलो नाही. २०१८ साली राज्यात प्लास्टिकबंदी आली. जुलै २०२५मध्ये राजगडासह १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. गावोगावी अभिनंदनाचे फ्लेक्स झळकले. फ्लेक्सही प्लास्टिकचेच. शिवाय काही वेडी पोरं सुट्टीच्या दिवशी गडावरचा कचरा पोत्यांत भरून, पाठीवर मारून खाली आणतात. त्यांचं आपण तोंडभरून कौतुक करतो आणि पुढच्या रविवारी त्यांना काम कमी पडणार नाही, याची जातीने काळजी घेतो.

पायथ्याशी बाटलीमागे अनामत घ्यावी, असं काही लोक सुचवतात. कशाला? भरलेली बाटली वाहण्याची ताकद आपल्यात आहे, हे चढतानाच सिद्ध झालेलं आहे. अडचण रिकामीची आहे. तेव्हा माथ्यावर पाणी संपलं, की आसपासची पाकिटं, गुटख्याच्या पुड्या, चॉकलेटचे कागद वेचून त्याच बाटलीत गच्च ठासावेत. बाटली पुन्हा भरली. आता उतरायला काय हरकत आहे?