कॉम्प्युटरला ऊन लागू नये म्हणून

घरच्या कॉम्प्युटरचं कॅबिनेट कशाला बदलायचं, असं विचारणारे लोक अजून आहेत. चालतंय ना, मग हात कशाला लावता, हा त्यांचा दुसरा प्रश्न. अशा लोकांच्या जोरावर जग चालत असेल, पण ते अपग्रेड होत नाही. राणीसावरगावात, ऐन मे महिन्यात, दुपारी पत्र्याखाली बसून, सातबारा काढण्यापुरत्या वापराच्या कॉम्प्युटरला ज्यानं २४० मिलिमीटरचा रेडिएटर आणि सहा पंखे बसवले, त्या गृहस्थाची थोरवी या मंडळींना कळायची नाही. ती कुणीतरी नीट मांडायला हवी होती.

परभणी जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४३-४४ च्या घरात जातो. त्यात गंगाखेड तालुक्याच्या दक्षिण अंगाला बालाघाटचे डोंगर; दिवसभर खाल्लेलं ऊन ते रात्री सव्याज परत करतात. माणसं ओसरीत ओलं फडकं डोक्यावर घेऊन पडतात. जनावरं लिंबाखाली धापा टाकतात. अशा वेळी प्रोसेसरचं काय होत असेल, हा विचार ज्याच्या मनात येतो, तो सामान्य माणूस नव्हे.

प्रोसेसरचं फारसं काही होत नसतं, ही गोष्ट वेगळी. साध्या कामाचा आय-थ्री प्रोसेसर साठेक वॅट खातो. म्हणजे पूर्वी न्हाणीत लावायचो त्या पिवळ्या बल्बाएवढं. त्याच्याबरोबर खोक्यात ॲल्युमिनियमचा एक कूलर आणि पंखा फुकट येतो, तो एवढ्याला पुरतो. त्यातूनही पारा चढलाच, तर शंभर अंशांच्या आसपास चिप आपण होऊन वेग कमी करते आणि त्यानंही नाही भागलं तर मशीन बंद होतं. थोडक्यात, त्याला स्वतःची काळजी घेता येते. पण ज्याला स्वतःची काळजी घेता येते, त्याची काळजी घेण्यातच मोठेपणा आहे. ज्यांना घेता येत नाही त्यांची घ्यावीच लागते. त्यात कसलं आलंय कौतुक?

विज्ञानाच्या बाजूनं एक किरकोळ आक्षेप घेतला जातो, तोही पाहून टाकू. पंखा लावा, नाहीतर पाणी फिरवा, कूलर फक्त प्रोसेसरची उष्णता उचलून खोलीच्या हवेत टाकतो. खोलीपेक्षा थंड त्याला काहीच करता येत नाही. जो प्रोसेसर २५ अंशांच्या खोलीत ६० वर राहतो, तो त्याच कामाला ४३ अंशांच्या खोलीत ७८ च्या आसपास जाणार. म्हणून आक्षेप घेणारे म्हणतात, आधी खोली थंड करा. आता खोली थंड करायची तर पत्र्यावर चुना मारावा लागतो, खिडकीला वाळ्याचा पडदा लावावा लागतो, दारात एखादं झाड लावून वीस वर्षं थांबावं लागतं. यातल्या एकाही गोष्टीला लाइट लागत नाही. मग ती घ्यायची कशाला?

कॅबिनेट बदलण्याची गरज नसणं, हा तर या क्षेत्रातला जुनाच अडथळा आहे. इंटेलनं एटीएक्स नावाचा आराखडा आणला १९९५ मध्ये. मदरबोर्डाची भोकं कुठं, मागची खाच केवढी, एसएमपीएस म्हणजे वीज पुरवणारा डबा कुठं बसायचा, सगळं त्यात ठरलं. पुढं पेंटियम फोर भलताच तापायला लागला, तेव्हा हवा नीट खेळावी म्हणून इंटेलनंच २००३ मध्ये बीटीएक्स नावाचा नवा आराखडा जाहीर केला. तो टिकला असता तर घरोघरची कॅबिनेटं बदलावी लागली असती. पण कमी तापणारे प्रोसेसर निघाले आणि २००६ मध्ये कंपनीनं बीटीएक्स गुंडाळला. तीस वर्षं झाली, मदरबोर्ड अजून एटीएक्सच्याच मापांवर बेततात. म्हणजे कॉलेजात असताना घेतलेलं, आता पिवळं पडलेलं, बटण आत गेलेलं कॅबिनेट आजही चालतं. कद्रू माणूस यावर खूश होतो. आमच्या गृहस्थाला हा आपला अपमान वाटला.

त्या जुन्या कॅबिनेटचा इलाज गावात सगळ्यांना पाठ आहे. एका बाजूचा पत्रा काढून ठेवायचा आणि समोर टेबल फॅन लावायचा. याहून चांगला इलाज म्हणजे वर्षातून दोनदा ब्लोअर मारणं. कारण आत तापतं ते धुळीनं. सोयाबीनची रास थ्रेशरवर चालली की भुसकट गावभर उडतं, कापसाचे तंतू त्याच्या मागं येतात, आणि कूलरच्या पात्यांत दोन्ही मिळून अशी गादी तयार होते की हवा तिच्यावर निजते. ती गादी काढली की दहा-पंधरा अंश सहज उतरतात, तेही फुकटात. आणि फुकटातला हा उतार गृहस्थाला मंजूर नव्हता. पाहुण्याला काय दाखवायचं? धूळ काढली, हे?

म्हणून पाचसहा हजारांचं कॅबिनेट आलं. कुरिअर गंगाखेडलाच थांबलं, ‘तिकडं गाडी येत नाही, घेऊन जा’ असा फोन आला, आणि ते खोकं एसटीच्या मागच्या सीटवर दोन तिकिटं काढून गावात पोचलं. एका बाजूनं काच, समोरूनही काच. समोर जाळी असलेलं कॅबिनेट जास्त हवा घेतं आणि बऱ्याचदा स्वस्तही पडतं. पण जाळीतून लाइट दिसत नाहीत. काचेमागचे पंखे बाजूच्या बोटभर फटीतून श्वास ओढतात, ही त्यांची अडचण. प्रत्येक पंख्यात १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ रंग दाखवायची सोय आहे. त्यातला निळा ठेवलाय, कारण निळ्यानं गार वाटतं.

बसवण्याचा कार्यक्रम ओसरीत झाला. तळवटावर स्क्रू वाटीत काढून ठेवलेले, मोबाइलवर व्हिडिओ चालू, आणि थर्मल पेस्टची बारकी पिचकारी हातात. पेस्टचं काम एवढंच की प्रोसेसर आणि कूलर या दोन धातूंमधल्या, डोळ्याला न दिसणाऱ्या फटी भरायच्या. वाटाण्याएवढी पुरे होते. मधोमध ठिपका द्यायचा, फुली मारायची की रेघ ओढायची, यावर जाणत्या लोकांत अजून एकमत नाही आणि कूलर दाबून बसवला की तिन्ही सारखेच पसरतात. आमच्या गृहस्थानं तिन्ही केले. वर कूलर कसला. मग अर्ध्या तासानं लक्षात आलं की कूलरच्या बुडाला चिकटवलेला प्लॅस्टिकचा पातळ कागद काढायचा राहिला. त्यावर ‘बसवण्याआधी काढा’ असं इंग्रजीत ठळक छापलेलं असतं. हा कागद जगभर लोक विसरतात, तेव्हा यात कमीपणा नाही. उलट या एका कागदानं राणीसावरगाव थेट जगाशी जोडलं गेलं.

आजी खांबाला टेकून बघत होती. पदरानं वारा घेत म्हणाली, ‘‘काय रं लेकरा, ताप आलाय का त्याला?’’

‘‘येऊ नये म्हणून चाललंय, आजी.’’

‘‘बरं बरं. कर.’’ आणि थोड्या वेळानं, ‘‘ती पिचकारी झाली की मला जरा पाणी दे.’’

पाण्याचा विषय निघालाच आहे, तर या अपग्रेडचं खरं तेज तिथंच आहे. पाणी म्हटलं की आमच्या भागाला आठवण करून देण्याची गरज नाही. शेजारच्या परळीतलं औष्णिक वीजकेंद्र २०१३ च्या दुष्काळात पाण्यावाचून बंद ठेवावं लागलं. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं. ज्या मराठवाड्यात वीज तयार करणाऱ्या केंद्राला गार व्हायला पाणी मिळालं नाही, त्याच मराठवाड्यात वीज खाणाऱ्या कॉम्प्युटरला आज पाणी मिळतं, याला प्रगती नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं? शिवाय हे पाणी सीलबंद. एका बाजूला चिमुकला पंप, दोन रबरी नळ्या, वर रेडिएटर, आणि आत पेलाभर द्रव तोच तो फिरतो. टँकर लागत नाही, नंबर लावावा लागत नाही, भांडणं होत नाहीत. काही वर्षांनी पंप थकतो, नळ्यांतून पाणी थोडंथोडं विरून जातं, आणि बहुतेक कूलरांत ते परत भरायची सोय नसल्यामुळं अख्खा कूलर नवा घ्यावा लागतो. म्हणजे पुढच्या अपग्रेडचीही तजवीज कंपनीनंच करून ठेवलेली असते.

मोठ्यांचे दाखलेही पाठीशी आहेत. अमेरिकेतला क्रे-२ हा महासंगणक १९८५ साली अख्खाच्या अख्खा एका विशेष द्रवात बुडवून चालवत. पुण्यात आयसरमध्ये बसवलेला परम ब्रह्म हाही द्रवानंच गार ठेवला जातो. अशी यंत्रं हवामानाची, रेणूंची गणितं करतात. आमचं मशीन पीकविम्याचा अर्ज भरतं. काम वेगळं असेल, मान सारखाच हवा.

खोलीतला मोठा कूलर मात्र सध्या बंद आहे. त्याच्या टाकीला रोज पाचसहा घागरी लागतात आणि नळ आठ दिवसांनी येतो, एवढं पाणी मेमध्ये आणायचं कुठून? कोरड्या हवेत हा गवताच्या जाळीचा कूलर खोली आठ-दहा अंशांनी सहज उतरवतो, आणि खोली उतरली की प्रोसेसरही तेवढाच उतरतो, शिवाय आजीही. पण त्याला लाइट नाहीत, आणि त्याचा आकडा स्क्रीनवर येत नाही. त्यामुळं आज घरात दोन कूलर आहेत. ज्यात माणसं गार करायचं पाणी असतं तो कोरडा आहे, दुसरा भरलेला.

थोडं घराबद्दल. पूर्वी इथं माळवद होतं. दगडमातीच्या दीड-दोन हात रुंद भिंती, लाकडी तुळया, वर पांढऱ्या मातीचा जाड थर, आणि छताला उजेड यायला व धूर जायला ठेवलेलं भोक. गरम हवा वर चढून त्या भोकातून निघून जाई, खालच्या दारातून गार आत येई. दरवर्षी पावसाळ्याआधी वर माती टाकावी लागे, गळायचं, विंचू निघायचे; कटकट होतीच. पाच-सात वर्षांपूर्वी ते पाडलं. अर्ध्यावर स्लॅब पडला, उरलेल्यावर पत्रे. छताचं भोक अर्थातच गेलं. आता नव्या कॅबिनेटच्या खोक्यावर लिहिलंय की पुढून गार हवा आत, वरून गरम हवा बाहेर. आणि हे वाचून गृहस्थ इतके हरखले की त्यांनी ते आजीला मोठ्यानं वाचून दाखवलं. आजी म्हणाली, ‘‘शहाण्या माणसानं बांधलंय.’’

बसवून झाल्यावर चाचणी घेणं आलंच. त्यासाठी प्राइम९५ नावाचा प्रोग्रॅम लावतात. तो मूळचा अवाढव्य मूळ संख्या शोधायला केलेला. पण चाचणीत लावला की तो ज्यांची उत्तरं आधीच ठाऊक आहेत अशीच गणितं पुनःपुन्हा करतो, मशीन जमेल तेवढं तापवतो आणि उत्तर चुकलं का तेवढं बघतो. एरवी सातबारा उघडताना हा प्रोसेसर तापतच नाही, तेव्हा तो थंड होतो हे सिद्ध करायला आधी तापवावा लागला. अर्धा तास पंखे घोंगावले, ओसरीपर्यंत गरम झळ आली, आणि स्क्रीनवरचा आकडा आधीपेक्षा नऊ अंश कमी आला. मग लाइट गेली. इन्व्हर्टरवर एवढं ओझं झेपत नाही, म्हणून मशीन बंद केलं. बंद मशीनमधला प्रोसेसर तासाभरात खोलीइतका गार होतो. इतका चांगला आकडा अजून कुठल्याच कूलरनं दिलेला नाही, पण तो बघायला स्क्रीन चालू नव्हती.

ज्यांना नऊ अंश कमी वाटतात, त्यांनी डिसेंबरपर्यंत थांबावं. परभणीची थंडी मराठवाड्यात नावाजलेली. पारा दहाच्या खाली उतरला की खोली आपोआप तीस अंशांनी गार होते, आणि मेमधला जुना आकडा व डिसेंबरातला नवा आकडा शेजारी शेजारी ठेवले की अपग्रेड किती लागू पडलं ते पोराटोरांनाही दिसतं. गृहस्थांनी वहीत रकाने आखून ठेवलेत.

तोवर स्वस्थ बसायचं नाही, असं ठरलंय. २४० चा रेडिएटर मेमध्ये जरा कमीच पडतो, ३६० चा घ्यावा, असं गंगाखेडच्या दुकानदाराचं मत आलं. तो या कॅबिनेटमध्ये बसत नाही. म्हणून सध्या कॅबिनेट बघणं चालू आहे.