‘लाइट गेली’ म्हणणाऱ्या विजेत्यास खुले पत्र

परम आदरणीय विजेते महोदय,



महाड-पोलादपूरच्या पोरांनी हौसेने चालवलेल्या सिम रेसिंगच्या, म्हणजे संगणकावरच्या आभासी शर्यतींच्या, स्पर्धेत आपण पहिला क्रमांक मिळवलात, त्याबद्दल त्रिवार अभिनंदन. निकाल जाहीर होऊन गेला, तरी पंच म्हणून बसणारे आम्ही काहीजण आपल्या शर्यतींचे रिप्ले अजून पाहतोच आहोत. आपली थोरवी एका बैठकीत ध्यानात येण्यासारखी नाही.

पहिले आभार मोन्झाच्या पहिल्या वळणाचे. लांबलचक सरळ रस्ता संपतो, पुढे अरुंद शिकेन येते आणि पूर्ण वेगातली गाडी पार खालच्या गिअरपर्यंत आणावी लागते. बाकीचे स्पर्धक तिथे ब्रेक दाबतात. आपण पुढच्या गाडीचाच ब्रेक म्हणून उपयोग केलात आणि आपले टायर वाचवलेत. ती गाडी ज्याची होती, तो मुलगा एमआयडीसीत पाळी करतो. पगारातून पैसे बाजूला टाकून त्याने कुणाचे तरी वापरलेले लॉजिटेक जी29 व्हील घेतले आहे. त्याची शर्यत आपण पहिल्या अर्ध्या मिनिटात आटोपलीत. त्याचा तेवढा वेळ वाचवल्याबद्दल त्याच्या वतीने मीच आभार मानतो, कारण तो स्वतः काही बोललेला नाही.

पांढऱ्या रेषेबाबतही आपले मन मोठे. गाडीचा कुठलाच भाग रेषेवर किंवा रेषेच्या आत उरलेला नसेल तर गाडी ट्रॅकबाहेर गेली, असे जगभरच्या शर्यतींत मानतात. आपण रेषेलाच गाडीबाहेर ठेवलेत.

आपल्या घराण्याला परंपराही मोठी आहे. 2 मे 2020 रोजी इंडियानापोलिसच्या आभासी शर्यतीत सिमॉन पाजेनो यांनी मुद्दाम वेग कमी करून फॉर्म्युला वन चालक लँडो नॉरिसच्या वाटेत गाडी घातली आणि त्याची शर्यत संपवली. हे पाजेनो म्हणजे 2019 ची खरी इंडी 500 जिंकलेले गृहस्थ. पण लॉकडाऊन उठल्यावर त्यांना आणि नॉरिसला परत बसायला खऱ्या गाड्या होत्या. आमच्या पोरांना त्या कुठून असणार? आपल्या देशात शर्यतीचे नावाजलेले ट्रॅक म्हणजे चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टई, कोइंबतूरचा कारी आणि ग्रेटर नोएडाचा बुद्ध. तिथवर गाडी घेऊन जायचे, तर लाखांत खर्च. पोलादपूरच्या पोराची खरी शर्यत टेबलाला क्लॅम्प केलेल्या त्या व्हीलवरच होते, दुसरीकडे कुठेही नाही. म्हणून ‘गेमच तर आहे’ हे आपले उदार वाक्य मोन्झाला शर्यत गमावलेल्या त्या मुलाला मी अजून ऐकवलेले नाही.

आता मुख्य ऋणाकडे वळतो. शेवटून दुसऱ्या शर्यतीत आपल्या नावाची गाडी अशी काही धावली की आम्ही थक्क झालो. एरवी आपण ब्रेक दाबता आणि झटक्यात सोडता. टेलिमेट्रीच्या आलेखावर तो सरळ कडा दिसतो. त्या रात्री मात्र ब्रेक हळूहळू सुटत होता आणि गाडी वळणाच्या पोटापर्यंत अलगद उतरत होती. ही कला यायला वर्षे जातात, आपल्याला एका आठवड्यात आली. त्याहून मोठे नवल म्हणजे गाडी पूर्ण वेगात असताना ग्रुपवर आपले मेसेज येत होते, तेही शुद्धलेखनाची एक चूक नसलेले. दोन्ही हात व्हीलवर ठेवून हे कसे साधते, ते नव्या मुलांना जरूर शिकवावे.

मागाहून कळले की व्हील आपल्या पुण्याच्या पाहुण्यांच्या हातात होते. पाहुण्यांचा असा मान दुसऱ्या कुणी राखला असेल असे वाटत नाही. नाही, एकाने राखला होता. 23 मे 2020 रोजी फॉर्म्युला ई च्या आभासी शर्यतीत जर्मनीचे डॅनियल आब्ट तिसरे आले. त्यांच्या जागी 18 वर्षांचा सिम रेसर लोरेन्झ होर्झिंग गाडी चालवत होता. ती मालिका युनिसेफच्या मदतीसाठी होती. शंका आधी सोबतच्या चालकांनाच आली. आब्ट अपात्र ठरले, 10,000 युरो धर्मादाय संस्थेला द्यावे लागले आणि त्यांच्या ऑडी संघाने त्यांना निलंबित केले. पण आब्ट यांनी जाहीर माफी मागितली, तेवढ्या बाबतीत ते आपल्यापेक्षा कमी पडले.

इतके सगळे आम्ही पोटात घातलेही असते. पण शेवटच्या शर्यतीत आपण जे केलेत, त्यासाठी हे पत्र लिहिणे भाग पडले.

पावसाळा लागला की पोलादपूरच्या डोंगराकडच्या वाड्यांत लाइटचा भरवसा नसतो. झाड तारेवर पडते, एखादा दिवस सगळा अंधारात जातो. तिथल्या स्पर्धकांवर अन्याय नको म्हणून आम्ही नियम केला: शर्यत चालू असताना लाइट गेली, तर त्या क्षणी ज्या क्रमांकावर असाल त्याचे निम्मे गुण मिळतील. पुरावा मागायचा नाही, शब्द पुरे. आंबेनळी घाटात चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची, हे पाहायला वळणावळणावर पोलीस उभा नसतो. उतरणारा आपणहून थांबतो. त्याच भरवशावर आमचा हा नियम उभा होता.

शेवटच्या शर्यतीत आपण पहिले होतात. मागची गाडी प्रत्येक लॅपला जवळ येत होती, पुढच्या सरळ रस्त्यावर ती आपल्याला गाठणार हे सगळ्यांना दिसत होते. नेमकी त्याच वेळी आपली लाइट गेली. निम्मे गुण मिळाले आणि तेवढ्यावर विजेतेपद आले. या योगायोगाचे कौतुक करावे तेवढे थोडे. आणखी कौतुक याचे की आपल्याच आळीतला, विजेच्या त्याच डीपीवरचा दुसरा स्पर्धक शेवटच्या लॅपपर्यंत धावत होता. आपल्या घराला अंधारासाठी स्वतंत्र तार टाकून मिळाली असावी.

महोदय, आपण गुण घेतलेत, त्याचे दुःख कमी आहे. त्याच हंगामात पोलादपूरकडच्या एका मुलाची लाइट खरोखर गेली होती, तो तेव्हा दुसरा होता. आपला प्रकार उघडकीला आल्यापासून लोक त्याच्याकडेही संशयाने पाहू लागले. त्याने वायरमनचा फोन नंबर पाठवला, शेजाऱ्यांना विचारा म्हणाला. कोणी मागितले नसताना तो स्वतःचा खरेपणा सिद्ध करत बसला. त्याचा मेसेज वाचताना मला आपली फार आठवण आली.

हौशी स्पर्धेत आमच्याकडे प्रयोगशाळा नाही, पगारी पंच नाहीत, प्रत्येकाच्या खोलीत कॅमेरा लावण्याची ऐपत नाही. महाडमधल्या काहींची यंत्रे जुलै 2021 च्या पुरात गेली, त्यांनी ती पुन्हा एकेक भाग जमवत उभी केली. एवढे सगळे करून माणूस खेळायला येतो, तो समोरचा आपल्यासारखाच खेळतो आहे या विश्वासावर. तोच विश्वास आपण खर्च केलात आणि तो काही आपला एकट्याचा नव्हता.

तरी पंचांनी घेतलेले निर्णय आपल्या सेवेशी सादर करतो. पाहुण्यांनी चालवलेल्या आणि ‘लाइट गेलेल्या’ अशा दोन्ही शर्यतींतले आपले गुण रद्द केले आहेत. विजेतेपद दुसऱ्या क्रमांकाच्या स्पर्धकाला दिले आहे. पुढचा एक हंगाम आपल्याला खेळता येणार नाही. त्यानंतर यावे, मनापासून सांगतो. मात्र त्याआधी मोन्झाला ज्याची शर्यत संपवलीत त्याला आणि पोलादपूरच्या त्या मुलाला आपण स्वतः फोन करावा. आमच्याकडे खुलासा पाठवण्याची गरज नाही.

लाइटचा नियम काढून टाका, असा बऱ्याच जणांचा आग्रह होता. तो आम्ही मानला नाही. पुढच्या हंगामातही ‘लाइट गेली’ असे जो सांगेल, त्याच्याकडे पुरावा मागितला जाणार नाही.

कळावे.

आपला,
पंचांपैकी एक